लाल कुठवर आलंय

लाल रंग ऊबदार असतो, असं इल्मेला लहानपणापासून सगळे सांगत आले होते. म्हणून चार वर्षांची असताना ती आईच्या मागाशेजारी बसायची, लोकरीच्या लडींवर एकेक करून तळहात ठेवायची आणि वाट बघायची. निळी लड, काळी लड, पिवळी लड, आणि ती, जिला सगळे लाल म्हणायचे. चारही सारख्याच. जराशा खरखरीत, जराशा मेंढीच्या वासाच्या. मग तिला वाटायचं, आपलाच हात थंड असेल.

उत्तरेच्या थंड समुद्रातल्या किह्नू बेटावर बाईचं मन तिच्या घागऱ्यावर वाचतात. लोकरीचे उभे पट्टे, घरच्या मागावर विणलेले. लग्नाआधीच्या पोरींचे घागरे लालभडक. घरातलं माणूस गेलं की लाल सगळं निघून जातं, गर्द निळं आणि काळं उरतं. मग वर्ष सरतं, दुसरं सरतं, आणि एखाद्या सकाळी त्या काळोखात लाल धाग्याची एक बारीक रेघ उमटते. पुढच्या घागऱ्यात दोन. दुःख असं धाग्याधाग्यानं उसवतं, आणि ते सगळ्या बेटाला दिसतं. कुणी कुणाला काही विचारत नाही. ती पहिली रेघ ज्याला दिसेल त्यानं एवढंच म्हणायचं, "उजाडलं." आणि पुढं चालू लागायचं.

इल्मेला ती रेघ दिसत नव्हती. लाल तिच्या डोळ्यांत येताना वाटेत कुठं तरी विझून जायचं. पिकलेली रानफळं आणि त्यांची पानं, दोन्ही एकाच ओल्या मातीच्या रंगाची. सहा वर्षांची असताना तिनं विणलेल्या पहिल्या काठात लाल आणि हिरवं एकमेकांत इतकं बिनधास्त मिसळलं, की तिच्या आईनं, रोसीनं, तो काठ मांडीवर घेऊन उलटसुलट करून बघितला. मग तिनं कात्री घेतली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात प्रत्येक लाल लडीच्या टोकाला एक गाठ असायची, हिरवीच्या टोकाला दोन. इल्मेची बोटं गाठी वाचायला शिकली. पुढं तिचे घागरे इतर पोरींइतकेच सुबक होऊ लागले.

"घरातली गोष्ट घरात ठेवायची," रोसी म्हणाली होती. "तुझ्या बाबांचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

बाबांचं सगळ्या बेटालाच ठाऊक होतं. आन्द्रेसनं एका ऐन उन्हाळ्यात अख्खं वऱ्हाड बोटीत घातलं होतं आणि वाट दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेल्या बोयाच्या चुकीच्या बाजूनं नेऊन वाळूवर चढवलं होतं. नवरी, नवरा, अकॉर्डियनवाला, बिअरची पिंपं, सगळे चार तास भर समुद्रात बसून. लोक म्हणाले, आन्द्रेस प्यायला होता. त्या दिवशी त्यानं थेंबही घेतला नव्हता. पण तो म्हणाला, हो, प्यायलो होतो. बोया लाल की हिरवा ते कळलं नाही, हे सांगण्यापेक्षा बेवडा म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं. वीस वर्षं तो ते नाव अंगावर घालून हिंडतोय.

इल्मे नर्स व्हायला मुख्य भूमीवर पार्नूला गेली, तेव्हा तिथं डोळे तपासायचे होते. ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक, आणि प्रत्येक चित्रात लपलेला एक आकडा. दार किलकिलं होतं. आत गेलेली मुलगी खणखणीत आवाजात आकडे सांगत होती, आणि बाहेर बाकावर बसलेली इल्मे ते ऐकत होती. बारा, आठ, सहा, एकोणतीस. बेटावरच्या पोरींना लग्नातली गाणी पाठ असतात, चारशे-चारशे ओळींची. सोळा आकड्यांचं काय एवढं. आत जाऊन तिनं ते चालीत म्हणून टाकले, फक्त चाल मनातल्या मनात ठेवली. डॉक्टर म्हणाले, "उत्तम."

ते एक खोटं. मग त्याच्या मागून बारकी बारकी आली. सलाईनच्या नळ्यांची टोपणं रंगावरून नाही, त्यांवरच्या अक्षरांवरून ओळखायची. लघवी तपासायची पट्टी शेजारच्या मुलीपुढं धरायची, "बघ गं जरा, माझा चष्मा धुरकटलाय." खोटी खरी, पण कुणाचं त्यांनी काही बिघडलं नव्हतं. तीन वर्षं अशी गेली.

आणि आता शेवटचे सहा आठवडे ती आपल्याच बेटावर होती. दवाखान्यातल्या सिरियेबाईंच्या हाताखाली.

सिरियेबाई मुख्य भूमीवरच्या. लग्न होऊन आल्या, नवरा समुद्रात गेला, त्या राहिल्या. बाजूला डबा जोडलेल्या जुन्या मोटारसायकलवरून तीस वर्षं त्यांनी बेटाच्या पाठी चोळल्या होत्या, पोरं हाती घेतली होती, म्हाताऱ्यांची नखं कापली होती. डिसेंबरात त्या निवृत्त होणार होत्या. त्यानंतर कोण, हा प्रश्न बेटाला पडलाच नव्हता. "आपली इल्मे आहे की," लोक म्हणायचे, आणि दुकानात तिच्या पिशवीत दोन कांदे जास्त पडायचे.

सिरियेबाईंच्या टेबलावर विद्यालयाचा एक कागद होता. नर्स होऊ पाहणाऱ्याच्या अंगी काय काय असावं, याच्या चौदा ओळी. पाठ अशी हवी, की पडलेलं माणूस उचलता यावं. कान असा हवा, की दार लोटलेलं असलं तरी कण्हणं कळावं. बोटं अशी, की नाडी सापडावी. शिव्या ऐकूनही आवाज चढू नये. सातवी ओळ होती: त्वचा, जखम आणि शरीरातून वाहणारं जे काही, त्याच्या रंगातला बदल ओळखते. आणि चौदावी, अगदी तळाशी: आपल्याला जे कळलं नाही, ते वेळेवर सांगते. दर शुक्रवारी सिरियेबाई चष्मा नाकावर ओढून एकेका ओळीपुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण करायच्या. सातवीपुढं तीन आठवडे खुणा होत्या. चौदावीपुढंही.

मान्नीआजीच्या पायाची पट्टी इल्मेकडं होती. एक दिवस आड, सायकलवरून, एकटीनं.

मान्नीआजी एक्याऐंशी वर्षांची. डाव्या पोटरीवर जुनी जखम, काही केल्या भरत नसलेली. नवरा जाऊन तीन वर्षं होत आली होती. अंगणात चुलाणावर तिची रंगाची भांडी उकळत असायची, कारण अजूनही ती बाजारच्या रंगाला हात लावत नसे. वाळूतल्या एका झुडपाच्या केसासारख्या बारीक मुळ्या खणून आणायची, वाटायची, भिजवायची, आणि भांडं ढवळताना गुणगुणायची:

लाल धाग्या, लाल धाग्या, घर तुझं कुठं?
मातीच्या पोटात, मुळीच्या ओठात, ऊन नाही तिथं.
लाल धाग्या, लाल धाग्या, वर कसा आलास?
रडत्या हातांनी खणलं मला, हसत्या हातांनी रंगवलं मला.

मंगळवारी इल्मेनं पट्टी सोडली, तेव्हा जखमेच्या कडेला तिच्या हाताला ऊब लागली होती. फार नाही. उन्हात ठेवलेल्या दगडाला सावली आल्यावर असते तेवढी. तिनं बघितलं. तिच्या डोळ्यांना पोटरी मागच्या खेपेसारखीच दिसली, ओल्या वाळूच्या रंगाची. तिनं पुन्हा हात लावला. मग मनाशी म्हणाली, चुलाणाजवळ बसली होती म्हातारी. आणि नोंदवहीत लिहिलं: त्वचेचा रंग पूर्वीसारखा.

पूर्वी तो कसा होता, हे तिला कधीच माहीत नव्हतं.

आज गुरुवार. पहाटेपासून धुकं होतं. समुद्रावरून येऊन ते बेटावर बसलं होतं, कोंबडी अंड्यांवर बसते तसं. सायकलच्या पुढच्या चाकापलीकडं काही दिसत नव्हतं. झाडं जवळ आली की व्हायची आणि मागं गेली की नसायची. इल्मेला धुकं आवडायचं. धुक्यात सगळेच तिच्यासारखे. चर्चचा घुमट, कुंपणं, दोरीवरचे घागरे, सगळं एकाच रंगाचं, आणि त्या एका रंगाबद्दल कुणी तिला काही विचारणार नसतं. कुठं तरी एक गाय हंबरली, ती जमिनीवर आहे की वर आभाळात, तेही कळेना.

मान्नीआजी दारातच उभी होती. काठीवर दोन्ही हात, पाठ ताठ. स्वच्छ डोईरुमाल, स्वच्छ एप्रन, आणि एप्रन एका अंगाला जरासा सारलेला, जसा फोटो काढताना सारतात तसा.

"आलीस?" ती म्हणाली.

"आले, आजी. आत चला, ओल आहे."

"आहे की ओल." म्हातारी हलली नाही. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी हनुवटी वर करून उभी राहिली. "चांगलं उजेडात बघ की जरा."

इल्मेनं बघितलं. म्हातारीचा चेहरा बघितला, डोळे बघितले, मग नजर खाली गेली. गर्द घागरा, तोच, तीन वर्षांचा. आज काय बरं? तारीख? हां, जूनच. जूनमध्येच गेले होते म्हातारबाबा. आजच असेल. इल्मेला आपण हे विसरलो याचं मनापासून वाईट वाटलं. तिनं म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळू आवाजात, आई म्हणते तसं म्हणाली, "देव त्यांना शांत झोप देवो, आजी. अंधार आहे, पण सरेल."

मान्नीआजीनं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत दुधाळ पडदे होते तिच्या, तरी तिनं बघितलं. मग तिचं तोंड एका कोपऱ्यातून हलू लागलं, आणि बघता बघता ती हसू लागली. दाराला टेकून, काठी आपटत, डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

"सरेल म्हणते! अगं बये, सरला की! काल रात्री काठ शिवून पुरा केला, पहाटेपासून नेसून उभी आहे, म्हटलं बघू या पहिलं कोण म्हणतंय. पोस्टवाला तर आंधळाच, न बघता गेला. म्हटलं, इल्मे येईल, इल्मे म्हणेल. आणि तू मला परत काळ्यात ढकलतेस?"

तिनं एप्रन पुरता बाजूला केला. "ही बघ. ही! करंगळीएवढी आहे चांगली."

इल्मेनं बघितलं. निळ्याच्या आणि काळ्याच्या मध्ये आणखी एक गर्द.

"हो की," ती म्हणाली. "छान... छान आलाय लाल."

"कुठं?"

"अं?"

"बोट ठेव. कुठं आलाय?"

इल्मेनं बोट ठेवलं. म्हातारीनं त्या बोटावर आपलं बोट ठेवलं, जाड, सुरकुतलेलं, नखात रंग अडकलेलं, आणि हळूच ते दोन पट्टे डावीकडं सरकवलं.

"इथं," ती म्हणाली. आता हसत नव्हती. "आन्द्रेसची पोर तू."

इल्मेनं बोट मागं घेतलं.

"मी होते त्या बोटीत. माझ्या भाचीचं लग्न. तुझा बाप माझ्या शेजारी बसला होता चार तास, आणि त्याच्या तोंडाला दारूचा एवढासाही वास नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, पुरुष आहे, अब्रू आहे, मिरवू दे दारू. पण बायकांना हे होतं, हे नव्हतं ठाऊक."

"क्वचित होतं. दोनशेत एखादीला."

"आणि ती एखादी माझ्या पायाला मिळाली." म्हातारी आत वळली, खुर्चीवर बसली, पाय पुढं केला. मग अचानक थांबली. "मग माझा पाय तू बघतेस कसा?"

इल्मेची नजर पोटरीवरच्या पट्टीवर गेली. घड्याळ चालत होतं.

"तुम्हाला दिसत नाही का, आजी? काही वेगळं वाटतंय का?"

"माझ्या डोळ्यांत दूध सांडलंय. नाकाशी धरलं तर दिसतं, धागा धरता येतो नाकाशी. पाय कसा धरू? दोघींत मिळून एक धड डोळा नाही बघ आपल्यात." ती पुन्हा हसली, पण हसता हसता शहारली. "कालपासून अंगात कसकस आहे. म्हटलं, धुकं."

इल्मे खाली बसली. तिनं पट्टी सोडायला घेतली. शेवटचा पदर निघायच्या आधीच तिला कळलं. ऊब नव्हती आता. चटका होता. पोटरी ताणलेली, गुळगुळीत, आणि पावाच्या भट्टीच्या दारासारखी धगधगत होती. आयुष्यभर लोकरीवर तळहात ठेवून जे शोधलं होतं, ते इथं होतं. म्हणजे लाल खरंच ऊबदार असतं.

मंगळवारीही होतं. त्यानं हाताला हाक मारली होती, आणि तिनं डोळ्यांना विचारून त्याला खोटं पाडलं होतं.

थर्मामीटर लावला. अडतीस पॉइंट सहा, चांगलाच ताप. मग तिनं खिशातलं पेन काढलं. शिकवलं होतं विद्यालयात: लाली कुठवर आली आहे तिथं कडेनं रेघ ओढायची, म्हणजे पसरते की ओसरते ते कळतं. तिनं डोळे मिटले. हाताची मागची बाजू, जिथं कातडी पातळ असते, ती पोटरीवरून हळूहळू वर नेली. धग, धग, धग, मग एकदम साधं अंग. तिथं टिंब. थोडं पलीकडं, पुन्हा खालून वर. टिंब. अंधारात भिंत चाचपत जावं तशी ती म्हातारीच्या पायाभोवती फिरली, मग डोळे उघडून टिंबं जोडली. गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत रेघ गेली होती. वाकडीतिकडी, बेटाच्या नकाशासारखी.

"गुदगुल्या होतायत," मान्नीआजी म्हणाली.

इल्मेनं फोन उचलला.

"कुणाला?"

"सिरियेबाईंना."

"मग ऐक." म्हातारी पुढं वाकली, आवाज खाली आणला. "सांग की लाल झालाय म्हणून. झालाच असणार, चटका बसतोय म्हणतेस. आणि परवा तसा नव्हता म्हण. मी काही बोलायची नाही. मला काय दिसतंय? सिरिये डिसेंबरात जाणार, मग बेटावर कोण? पार्नूहून कुणी तरी पाठवतील, आठवड्यातून एकदा, हातमोजे घालून घागऱ्याला हात लावणारी. तू हवीस आम्हाला."

फोन वाजत होता. इल्मेनं खिडकीतून बघितलं. बाहेर धुकं, आत घड्याळ. म्हातारीचं सगळं खरं होतं. लाल झालाच असणार. दोन अक्षरं. सोळा आकडे म्हणाली होती ती, मग दोन अक्षरांचं काय.

"बोल," सिरियेबाईंचा आवाज आला. मागं कुणाचं तरी पोर रडत होतं.

"बाई, मान्नीआजींकडून बोलतेय. ताप अडतीस सहा. पोटरी सुजलीय, ताणलीय, खूप तापलीय. धग वर चढत चाललीय."

"लाली आहे?"

मान्नीआजी जोरजोरानं मान हलवत होती. हो म्हण, तिचे ओठ म्हणत होते. हो म्हण की गं!

"मला माहीत नाही," इल्मे म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे? कुठं आहेस तू? समोर आहेस ना?"

"समोर आहे, बाई. मला लाल दिसत नाही. कधीच दिसलं नाही. मंगळवारी मी रंग पूर्वीसारखा लिहिला, तो... तो लिहायला नको होता. हाताला गरम लागलं होतं तेव्हाच. लागलं होतं आणि मी लिहिलं नाही."

पलीकडं पोर रडायचं थांबलं. की सिरियेबाईंनी दार लावलं. मान्नीआजीनं कपाळाला हात लावला आणि खुर्चीत मागं रेलली.

"धग कुठवर आहे?" आवाज अगदी सपाट होता.

"गुडघ्याखाली चार बोटं. रेघ काढलीय."

"पाय वर ठेव तिचा. पाणी पाज. आले."

मोटारसायकल आधी ऐकू आली, मग बऱ्याच वेळानं धुक्यातून बाहेर पडली. सिरियेबाई बूट न काढताच आत आल्या, हे बेटावर कुणी करत नाही. खाली बसल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. बराच वेळ त्या पायाकडं बघत होत्या, आणि इल्मे त्यांच्या चेहऱ्याकडं, कारण तिच्यासाठी रंग नेहमी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच असायचा.

"रेघ कशी काढलीस?"

"डोळे मिटून. हाताच्या पाठीनं."

सिरियेबाईंचं बोट निळ्या रेघेवरून फिरलं. वर, आत, खाचेतून, परत बाहेर. "रेघेच्या आत लाल आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर नाही." मग टाचेवरच्या बाजूला त्यांचं बोट थांबलं. "इथं बोटभर चुकलीस. इथं बाहेर गेलंय."

"तिथं हाड आहे, ते थंड..."

"चुकलीस." त्या उठल्या, गुडघे कडकडले. फोनवर मुख्य भूमीच्या डॉक्टरांशी थोडं बोलल्या. तीनच्या बोटीनं न्यायचं, धक्क्यावर गाडी उभी राहील, शिरेतून औषध सुरू करतील. मग त्या इल्मेकडं वळल्या, आणि आता त्यांचा आवाज सपाट नव्हता. "दोन दिवस! मंगळवारी गोळ्यांवर भागलं असतं. एक्याऐंशी वर्षांची बाई आहे ही. गंमत आहे का?"

"नाही, बाई."

"रंग दिसत नाही हे मला सांगितलं असतंस पहिल्या दिवशी, तर मी स्वतः आले असते एक दिवस आड. दहा मिनिटांचा रस्ता. दहा मिनिटं!"

"ओरडू नकोस तिच्यावर माझ्या घरात," मान्नीआजी म्हणाली. "ओरडायचं तर बाहेर ने. आणि बूट काढ."

सिरियेबाईंनी बुटांकडं बघितलं. मग मुकाट्यानं काढले.

अडीचला धुकं विरळ झालं. म्हातारीला मोटारसायकलच्या डब्यात बसवलं, मांडीवर विणकामाची पिशवी, पाय उशीवर. इल्मे सायकलवरून मागं. वाटेत दोघी बायका भेटल्या. दोघींची नजर आधी म्हातारीच्या तोंडाकडं गेली, मग घागऱ्याकडं, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "उजाडलं!" मान्नीआजीनं राणीसारखा हात हलवला.

धक्क्यावर सिरियेबाईंनी डब्याच्या झाकणावर तो कागद पसरला. चौदा ओळी. सातवीपुढच्या तिन्ही खुणा त्यांनी रबरानं पुसून टाकल्या. सावकाश, कागद फाटू नये अशा बेतानं. चौदावीपुढच्याही पुसल्या. मग पेन इल्मेच्या हातात दिलं.

"सातवीपुढं मी काही लिहिणार नाही. डोळे तुझे आहेत. काय आहे ते लिही. पार्नूला चाललीच आहेस हिच्याबरोबर, उद्या विद्यालयात स्वतः नेऊन दे."

"ते काढून टाकतील मला."

"टाकतीलही. मला माहीत नाही." त्यांनी समुद्राकडं बघितलं. "मला माहीत नसलं की मी तसं सांगते."

इल्मेनं लिहिलं. आधी वाक्य मनात चालीवर बसवायला गेली, सवयीनं, मग ती चाल सोडून दिली. *लाल आणि हिरवं ओळखता येत नाही. प्रवेशाच्या वेळी आकडे ऐकून पाठ केले होते. ताप, सूज आणि धग हातानं कळते, हाडावर चुकते. रंगासाठी दुसऱ्याला विचारावं लागेल, दर वेळी.* जागा पुरली नाही, ते शेवटचे दोन शब्द समासात गेले.

सिरियेबाईंनी वाचलं. चौदावीपुढं त्यांनी एक खूण केली, एकच, आजची तारीख घालून. आणि खाली सही केली. म्हणाल्या, "हाडावर बोटांची पेरं वापर. पाठ नाही." आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेल्या.

बोट सुटली. धुक्याचे तुकडे पाण्यावर मेंढ्यांसारखे चरत होते. मान्नीआजी बाकावर पाय लांब करून बसली होती, तापानं तिचे डोळे चकाकत होते, आणि पिशवीत हात घालून ती काहीबाही चाचपत होती. शेवटी एक लड बाहेर आली. तिनं टोक शोधलं, त्याला गाठ मारली, दातांनी आवळली, आणि लड इल्मेच्या मांडीवर टाकली.

"तुझी आई गाठी मारायची ना? कळत होतं मला. तुमच्या घागऱ्यांना आतल्या अंगानं बारक्या गाठी लागायच्या हाताला. म्हटलं, रोसीचं विणकाम नेहमी असं गाठाळ का?"

इल्मेच्या अंगठ्याला गाठ सापडली. लड खरखरीत होती, मेंढीच्या वासाची. ऊबदार नव्हती. तिनं ती तशीच हातात धरून ठेवली.

पाण्यातून एक बोया डुलत जवळ आला. कठड्याशी एक बाप्या उभा होता, अनोळखी, पाठीवर पिशवी, मुख्य भूमीचा असावा. इल्मेनं घसा साफ केला. आयुष्यात हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते इतकं छोटं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"अहो, तो बोया कुठल्या रंगाचा आहे?"

बाप्यानं तिच्याकडं बघितलं, बोयाकडं बघितलं. "लाल," तो म्हणाला, आणि पुन्हा समुद्र बघू लागला. त्याला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

लाल बोया बोटीच्या कडेनं मागं गेला. इल्मे बाकाशी आली, खाली बसली, आणि म्हातारीच्या पायाला हाताची पाठ लावून बघितली. धग रेघेच्या जराशी बाहेर आली होती. तिनं पेन काढलं, तिथं नवीन टिंब केलं, शेजारी वेळ लिहिली: तीन वाजून चाळीस. मग एप्रनची कड उचलली, म्हातारीच्या बोटानं दाखवलेली जागा आठवून घागऱ्यावर बोट ठेवलं. डावीकडून चौथा पट्टा.

"इथंच ना, आजी?"

"इथंच."

"उजाडलं, मान्नीआजी."

"आता म्हणतेस?" म्हातारी डोळे मिटता मिटता म्हणाली. "दुपार टळायला आली."